बेचाळीस जणांची ओळख आणि एक खिरापत

पत्र : मी गेली चार वर्षे मोडी या जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीचा दहा आठवड्यांचा प्राथमिक वर्ग झूमवर घेते. दर रविवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ अशी वेळ असते. जूनमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी ४२ जणांनी नावे नोंदवली आहेत. त्यांत १९ वर्षांच्या विद्यार्थ्यापासून ७४ वर्षांच्या आजोबांपर्यंत सर्व वयांची माणसे असून ती पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मडगाव, बडोदे, तंजावर, न्यू जर्सी आणि मेलबर्न इतक्या ठिकाणांहून येणार आहेत. मागच्या वर्गात मी प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितले आणि पहिला रविवार त्यातच संपला. एक बाई दुसऱ्या रविवारपासून आल्याच नाहीत. नंतर फोनवर त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या पदव्या आणि हुद्दे ऐकले. मला फक्त वडिलांचे कागद वाचायचे होते. मी काय सांगणार होते?" त्याच्या आधीच्या वर्षी एका तरुण मदतनिसाच्या सांगण्यावरून मी इंटरनेटवर मिळालेला एक खेळ घेतला होता, तेव्हा एका निवृत्त गृहस्थांनी "आम्ही शिकायला आलो आहोत, बालवाडीत नाही" असे सुनावले. ओळख गमतीने व्हावी, पण पोरकट होऊ नये आणि त्यात पहिला दिवसही जाऊ नये, यासाठी काय करावे? (मोडी शिकवणाऱ्या एक वाचक, सांगली)

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील दोन्ही तक्रारी, म्हणजे त्या बाईंची आणि त्या गृहस्थांची, मला एकाच दुखण्याच्या दोन बाजू वाटतात. पण त्याआधी थोडा हिशेब मांडू या. ४२ माणसे आणि प्रत्येकी दोन मिनिटे म्हणजे ८४ मिनिटे झाली, आणि आपला वर्ग ९० मिनिटांचा आहे. त्या ८४ मिनिटांत प्रत्येक जण दोन मिनिटे बोलतो आणि उरलेली ८२ मिनिटे गप्प बसून राहतो. या गप्प बसण्याला ऐकणे म्हणता येत नाही, कारण आपली पाळी जवळ येत चालली की माणूस मनातल्या मनात स्वतःचे वाक्य घोळवू लागतो. १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर यांनी याच गोष्टीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एकत्र बसलेल्या लोकांना पाळीपाळीने शब्द वाचायला सांगितले, तेव्हा स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांच्या फारसे लक्षात राहत नव्हते. आपल्या वर्गात हेच ४२ वेळा घडते, आणि शेवटी ज्याला त्याला फक्त स्वतःचेच बोलणे आठवत असते.

दुसरा दोष त्याहून मोठा आहे. पहिल्या दोघातिघांनी "नाव, शिक्षण, हुद्दा, गाव" अशा क्रमाने ओळख सांगितली की पुढची सगळी माणसे नकळत तोच साचा उचलतात. आपण "स्वतःबद्दल काही सांगा" म्हणालेल्या असता, पण ऐकणाऱ्याला तो नोकरीच्या अर्जातला रकाना वाटतो. त्या बाईंकडे वडिलांचे मोडी कागद होते, म्हणजे वर्गाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत मोलाची गोष्ट त्यांच्याकडेच होती. मात्र त्या साच्यात कागदांसाठी रकाना नव्हता. त्या गेल्या याचा दोष आपल्या स्वभावाला देऊ नका, आपण विचारलेल्या प्रश्नाला द्या.

आता गमतीकडे येते. आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द ज्या क्रियापदाशी बांधलेला आहे त्याचे दोन अर्थ आपण रोज वापरतो : आपण माणसाला ओळखतो आणि आपण कोडेही ओळखतो. वर्गात आपण ओळख 'करून देण्या'चा कार्यक्रम ठेवतो, आणि त्यात ओळखण्याचे काम कोणीच करत नाही. खेळ निवडताना मी एवढीच कसोटी लावीन, की ज्याची पाळी आहे त्याच्यापेक्षा इतरांना अधिक काम असावे. ही कसोटी आपल्या मुलींनी भोंडल्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली आहे. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी संपली की जिच्या घरचा भोंडला असेल ती झाकलेला डबा घेऊन उभी राहते, कोणी तो हलवून पाहायला सांगते, कोणी "गोड की तिखट?" विचारते, आणि सगळा फेर खिरापत ओळखू लागतो. त्या मुलीला भाषण करावे लागत नाही, तिने केवळ 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे असते; तरी त्या पाच मिनिटांत सर्वांचे लक्ष तिच्याकडे असते आणि तिच्या घरी काय शिजले, कोणी शिजवले, हे सर्वांना कळून जाते. लाजाळू मुलीलाही हा खेळ जमतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

तेव्हा माझा पहिला आणि मुख्य सल्ला असा, की पहिल्या रविवारी 'खिरापत ओळखा' हाच खेळ घ्यावा. आधीच्या आठवड्यात सर्वांना कळवावे, की आपण मोडी शिकायला का आलो हे सांगणारी एक वस्तू हाताशी, पण कॅमेऱ्याबाहेर ठेवावी. ती जुन्या कागदांची पुडी असेल, दौत असेल, बोरू असेल, देवळाच्या किल्लीचा जुडगा असेल, आजीचे औषधाचे टिपण असेल, किंवा ज्याच्याकडे असे काहीच नाही त्याने चष्मा ठेवावा. झूममध्ये चार-चार जणांची स्वतंत्र दालने करता येतात. आपल्या ४२ जणांची चौघांची नऊ आणि तिघांची दोन अशी ११ दालने होतील. दालनात प्रत्येकाला चार मिनिटे मिळावीत. वस्तूच्या मालकाने फक्त 'हो', 'नाही' आणि 'जवळ आलात' एवढेच म्हणायचे, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि वस्तू ओळखली गेली किंवा वेळ संपली की ती कॅमेऱ्यासमोर आणून तिच्याबद्दल दोन वाक्ये बोलायची. नाव कोणाचे काय हे प्रश्न विचारतानाच कळते, कारण नियमच असा ठेवायचा की प्रत्येक प्रश्न नाव घेऊन विचारावा : "मालतीताई, ही वस्तू कागदाची आहे का?" तीनदा-चारदा तोंडून गेलेले नाव लक्षात राहते, एकदा ऐकलेले राहत नाही.

एक तांत्रिक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते, कारण ती ऐन वेळी खेळाचा विरस करते. डबा हलवून आवाज ऐकवायची हौस कोणाला तरी नक्की येणार, आणि समोरच्यांना काहीच ऐकू जाणार नाही, कारण झूम पार्श्वभूमीतला खडखडाट गोंगाट समजून आपणहून दाबून टाकते. संगणकावरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये गोंगाट दाबण्याची ही सोय कमी करता येते, किंवा 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय निवडता येतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आवाजाचे वर्णन तोंडाने करावे. त्यातून जे हसू निघते ते खऱ्या आवाजातून निघालेच असते असे नाही.

दालनांतून परत आल्यावर कोणालाही उठून बोलायला सांगू नये. प्रत्येकाने चॅटमध्ये एकच ओळ लिहावी, आणि तीही स्वतःबद्दल न लिहिता आपल्या दालनातल्या दुसऱ्या कोणाबद्दल लिहावी : "बडोद्याच्या काकांकडे देवळाच्या हिशेबाची वही आहे आणि ती त्यांना उलटी धरून दाखवावी लागली." कोणी कोणाबद्दल लिहायचे हे दालनातच ठरवून घ्यावे, म्हणजे कोणी वगळले जाणार नाही. दोनतीन मिनिटांत ४२ ओळी जमा होतात. त्या आपण जतन करून ठेवा, पुढे दहा आठवडे उदाहरणांचा तुटवडा पडणार नाही.

हा झाला मुख्य खेळ. आता त्याच्या आधी, घरबसल्या करायचा एक छोटा उद्योग सुचवते, जो मोडीच्या वर्गालाच शोभेल. जुन्या कागदांत गावाचा पत्ता कसा येतो हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे : मौजे अमुक, तर्फ तमुक, परगणे फलाणे. सर्वांना असे पाच शब्द समजावून सांगावेत, की साध्या खेड्याला मौजे, बाजारपेठेच्या गावाला कसबे, त्यांच्यावर तर्फ, तिच्यावर परगणा आणि त्या सर्वांवर सुभा. आणि प्रत्येकाने आपला आजचा पत्ता या दफ्तरी थाटात लिहून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. न्यू जर्सीच्या आपल्या विद्यार्थ्याने "कसबे एडिसन, परगणे मिडलसेक्स, सुभे न्यू जर्सी" असे लिहिले की हसूही येईल आणि परगणा म्हणजे काय हे कायमचे डोक्यात बसेल. पुण्याच्या एखाद्या उपनगरातला माणूस आपण मौजे लिहावे की कसबे लिहावे यावर विचार करू लागेल, आणि आपले राहते ठिकाण कालपरवापर्यंत खेडे होते हे त्याला तिथल्या तिथे आठवेल. यात घर क्रमांक, इमारत, रस्ता लिहू नये अशी स्पष्ट सूचना द्यावी. अनोळखी ४२ जणांच्या गटात घराचा पुरता पत्ता कोणीच टाकू नये.

या उद्योगाचा आणखी एक फायदा मेलबर्नच्या विद्यार्थ्याला होतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा जून महिन्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ आणि मेलबर्नमध्ये रात्रीचे अकरा वाजलेले असतात. दिवसाच्या शेवटी डोळे चोळत बसलेल्या त्या माणसाकडून पहिल्या पाच मिनिटांत हजरजबाबीपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आधी सवडीने लिहिलेल्या पत्त्याने त्याची ओळख रविवारच्या पूर्वीच झालेली असते. ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रात गिली सॅमन या अभ्यासिकेने पाच पायऱ्यांची एक मांडणी केलेली आहे. तीत पहिली पायरी यंत्रणेत शिरता येण्याची, दुसरी आपसांत मिसळण्याची, आणि माहितीची देवाणघेवाण त्यानंतर येते. त्यांनी सुचवलेल्या छोट्या उपक्रमांत केवळ स्वतःचे लिहून भागत नाही, दुसऱ्याच्या लिखाणाला उत्तरही द्यायचे असते. आपणही तेवढी अट घाला : स्वतःचा पत्ता टाकला की दुसऱ्या कोणाच्या तरी पत्त्याखाली एक प्रश्न विचारावा. नाहीतर गटावर ४२ पत्ते येऊन पडतील आणि त्यांखाली ४२ अंगठे उमटतील.

उखाण्याबद्दल मी थोडी द्विधा मनःस्थितीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नाव लक्षात राहावे म्हणून यमकात गुंफणे ही युक्ती आपल्या घराघरांत आहे, आणि पहिल्या दिवशी हरवते ते नेमके नावच. एखादीने

"माळ्यावरच्या पेटीत निघाला पणजोबांचा दस्त,
एकही अक्षर लागेना म्हणून मालती झाली त्रस्त"

असे म्हटले, तर मालती हे नावही राहते आणि ती का आली तेही राहते. परंतु उखाणा हा नवऱ्याचे नाव थेट घ्यायचे नाही या रीतीतून वाढलेला आहे आणि तो हळदीकुंकवात, लग्नात, डोहाळजेवणात घेतला जातो, म्हणजे जिथे विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित स्त्रियांना आजवर एक तर बोलावले गेले नाही किंवा कोपऱ्यात बसवले गेले, तिथे. "चला, उखाणा घ्या" हे वाक्य सगळ्यांच्या कानांना सारखेच गोड लागत नाही. म्हणून घ्यायचाच असेल तर नियम आधी सांगून घ्यावा, की प्रत्येकाने, पुरुषांनीही, फक्त स्वतःचे नाव घ्यायचे आहे. आणि तो पहिल्या दिवशी न घेता तिसऱ्या-चौथ्या रविवारी घ्यावा, जेव्हा माणसे एकमेकांना थोडी सरावलेली असतील आणि ज्याला यमक जुळत नाही तो स्वतःच्या फसलेल्या यमकावर हसू शकेल.

तोवर मोडी कागदांवरच्या शिक्क्यांची ओळखही झालेली असेल. पेशव्यांच्या शिक्क्यांत 'हर्षनिधान' आणि 'प्रधान' यांचे यमक आहेच. त्या धर्तीवर प्रत्येकाने स्वतःचा आठ-दहा शब्दांचा शिक्का रचावा, कोण कोणाचा याचा खेळ घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. शिवाजी महाराजांच्या मुद्रेचे विडंबन मात्र कोणाला करू देऊ नका. एकाची थट्टा दहा जणांच्या जिव्हारी लागेल आणि उरलेला वर्ग त्याच वादात जाईल.

आता काही खेळ टाळायला सांगते.

इंटरनेटवर अशा खेळांच्या याद्यांत 'दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी' हा खेळ बहुतेक वेळा वरच असतो. मित्रमंडळींत तो छान रंगतो, कारण तिथे तर्क करायला आधार असतो. अनोळखी माणसाबद्दल तर्क कशावरून करायचा? मग जो तो अधिकाधिक चमत्कारिक गोष्ट शोधू लागतो. कोणी हिमालयात चढलेले निघते, कोणी नटासोबत जेवलेले निघते, आणि आपल्या त्या बाई पुन्हा एकदा "मी काय सांगणार?" म्हणून गप्प होतात. ही हुद्द्यांचीच यादी झाली, फक्त टोपी घालून आलेली. लहानपणीचा फोटो दाखवा, घर फिरवून दाखवा, हेही नको. ज्यांच्या लहानपणी फोटो काढलेच गेले नाहीत किंवा जे स्वयंपाकघराच्या दारात फोन टेकवून, मागे कोणी दिसू नये म्हणून भिंतीला पाठ लावून वर्गाला बसतात, त्यांना यात गंमत वाटत नाही.

सर्वांत फसवा खेळ आडनावांचा आहे. अमुककर, तमुककर, म्हणजे तुमचे मूळ गाव कोणते, असे विचारत नकाशावर खुणा करायचा मोह मोडीच्या शिक्षिकेला होणारच, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो प्रश्न चांगलाही आहे. तरीही आपल्या समाजात आडनावाची चौकशी ही बहुतेक वेळा जातीची चौकशी असते, निदान ज्याला ती सोसावी लागली आहे त्याला ती तशीच ऐकू येते. शिवाय पूर्वजांची वतने, इनामे, सनदा यांच्या गोष्टी निघाल्या की ज्याच्या पूर्वजांचे नाव त्या कागदांत फक्त वेठीच्या यादीत सापडेल, त्याने काय सांगावे? पहिल्या दिवशी सर्वांनी पहिल्या नावानेच वावरावे, वडीलधाऱ्यांना काका, मावशी, ताई, दादा लावावे, आणि झूममध्ये आपले नाव बदलून "मालती, सांगली" असे नाव आणि गाव एवढेच लिहावे, हे मला अधिक बरे वाटते. आडनावांचा विषय सहाव्या-सातव्या आठवड्यात, कागद वाचताना आपोआप निघेल, तेव्हा त्याला संदर्भ असेल.

त्याऐवजी गावाची चव आणायची असेल तर बोलीचा शब्द मागावा. आमच्याकडे 'का' म्हणायला 'काऊन' म्हणतात, आमच्याकडे 'कुठे' म्हणायला 'खंय' म्हणतात, असे एकेका शब्दाने वऱ्हाड आणि मालवण वर्गात येऊन बसतात, आणि तंजावरच्या विद्यार्थ्याच्या घरी चालणारी मराठी ऐकायला तर सगळे कान टवकारतील. हा खेळ पाच मिनिटांचा आहे, कोणत्याही रविवारी सुरुवातीला घेता येतो, आणि पुढे कागदात अडलेला एखादा शब्द कोणाला विचारायचा हे त्यातून आपोआप ठरते.

त्या निवृत्त गृहस्थांच्या 'बालवाडी'कडे वळते. मला त्यांचे म्हणणे पटते, आणि त्यांच्यावर रागावू नये असेही वाटते. कोणताही वर्ग असो, तोच चालणारा खेळ प्रौढ माणसाला पोरकट वाटतो, कारण त्या खेळाचा त्याच्या येण्याशी काही संबंध नसतो. तुम्ही कोणता प्राणी व्हाल, कोणता रंग आवडतो, हे प्रश्न स्वयंपाकाच्या वर्गातही चालतात आणि शेअरबाजाराच्याही, म्हणून ते कुठेच शोभत नाहीत. तेच गृहस्थ आपला पत्ता कसबे लिहावा की मौजे यावर अर्धा तास वाद घालतील आणि आपण खेळत आहोत हे त्यांच्या लक्षातही येणार नाही. खेळाला 'खेळ' म्हणून जाहीर करायची गरज नसते. पहिला स्वाध्याय म्हणून द्यावा.

खेळाची सुरुवात आपण स्वतः करावी, पण फार चांगली करू नये, हे मी मुद्दाम सांगते. शिक्षिकेने पहिल्याच झटक्यात तीनशे वर्षांपूर्वीचे अस्सल पत्र खिरापत म्हणून काढले, तर चष्मा घेऊन बसलेला माणूस तो चष्मा खिशात घालील. आपण काहीतरी साधे, थोडे हास्यास्पद दाखवावे. आपला पहिलावहिला बोरू वेडावाकडा तासला गेला असेल आणि अजून जपलेला असेल, तर तो उत्तम.

न बोलणाऱ्यांची सोय हवी. 'पुढे' एवढा एकच शब्द म्हणून पाळी सोडता येईल, कारण विचारले जाणार नाही, आणि सोडलेल्या पाळीवर कोणी विनोद करणार नाही, हे पहिल्याच सूचनेत असावे. कॅमेरा बंद ठेवण्याचीही मुभा द्यावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकींच्या थकव्याची चार कारणे मांडली : अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचा चेहरा, जागेवर खिळून राहणे, आणि हावभाव दाखवण्या-वाचण्याचे वाढलेले ओझे. ओळखीच्या वेळी ही चारही कारणे एकदम हजर असतात. स्वतःचा चेहरा स्वतःच्या पडद्यावरून लपवण्याची सोय झूममध्ये आहे. ती कशी वापरायची हे पहिल्या दहा मिनिटांत दाखवून दिलेत तर निम्म्या लोकांचे अवघडलेपण कमी होईल. टंकलेखन न जमणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पत्ता आवाजी निरोपात पाठवावा. आणि वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण करत असाल तर ते या भागानंतर सुरू करावे, ते सर्वांना ऐकू जाईल असे सांगूनही टाकावे.

वेळेचा हिशेब असा बसतो : दहा मिनिटे स्वागत आणि तांत्रिक जुळवाजुळव, पाच मिनिटे नियम आणि आपला वेडावाकडा बोरू, वीस मिनिटे दालने, दहा मिनिटे चॅटच्या ओळी आणि गटावर आलेल्या पत्त्यांतले चारपाच पत्ते वाचून दाखवणे. उरलेली ४५ मिनिटे मोडीची.

त्या ४५ मिनिटांची सुरुवात मी आपल्या जागी असते तर एका पानाने केली असती. पानावर वर्गातील ४२ नावे मोडीत लिहावीत. आधी ओळभर शिरोरेषा ओढून, तिला अक्षरे लटकवत, शब्द न तोडता आणि विरामचिन्हे न देता, म्हणजे जुन्या कारकुनाने लिहिली असती तशी. हे पान पडद्यावर दाखवून सर्वांना म्हणावे, "यात आपले नाव शोधा." अक्षरे शिकायच्या आधीच माणसे डोळे बारीक करून पानाला भिडतील, देवनागरीशी मिळतीजुळती दोनचार वळणे आपणच शोधून काढतील, आणि ज्याला स्वतःचे नाव सापडेल त्याने लगेच आपल्या दालनातल्या तिघांची शोधावीत. वर्गात एखादी सुनिता आणि एखादी सुनीता असेल तर आणखी मजा येईल, कारण मोडीला ह्रस्वदीर्घाचा भेद ठाऊकच नाही, त्यामुळे आयुष्यभर "माझी नी दीर्घ आहे" असे सांगत आलेल्या बाईंना तो एक दिवस तरी सुटी मिळेल. त्या दिवशी कोणाला नाव सापडले नाही तरी हरकत नाही. तेच पान पाचव्या रविवारी पुन्हा दाखवा.

एक शेवटचे काम जूनपूर्वी करा. मागच्या वर्गातून निघून गेलेल्या त्या बाईंना फोन करा, या वेळी ओळख कशी होणार आहे ते सांगा, आणि वडिलांच्या कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गाठोडे, खिरापत म्हणून घेऊन बसायला सांगा. त्या आल्या तर आपले विद्यार्थी ४३ होतील आणि एका दालनात तिघांऐवजी चौघे बसतील, एवढाच काय तो फरक.